अब्राहामाची टास

गळा देताना देव हात आखडत नाही. पण त्या गळ्याला गायला जागा देताना मात्र तो भक्ताचा असा काही अंत पाहतो, की पुष्कळांचा अंतच होतो आणि गाणं राहून जातं. हार्म वोल्टिंग हा डच मुलखातल्या मेपल गावच्या चर्चमधला खर्जाचा गायक. मागची रांग, भिंतीकडची जागा, आणि पुढे खांब. त्या खांबाआडून त्याने उभं आयुष्य देवाची स्तुती केली. मागच्या रांगेतला खर्ज म्हणजे आमटीतला हिंग. नसला तर सगळे विचारतात, 'काहीतरी कमी आहे का हो?' आणि असला तर कौतुक होतं चिंचगुळाचं. एकट्याने गायची एक ओळ, अगदी एकच ओळ, हार्मच्या वाट्याला कधी आली नव्हती.

आली तीही परदेशातून. बेल्जियममधल्या ब्रूज शहरी, कालव्याकाठच्या एका जुन्या चर्चमध्ये, शरदाच्या सुट्टीत वर्षातून एकदा गायलेलं प्रवचन होतं. म्हणजे पाद्री बोलत नाही, गातो. आणि वरच्या सज्ज्यातला गायकवृंद त्याला उत्तरं देतो. विषय दरवर्षीचाच, अब्राहाम. देव त्याला नावाने हाक मारतो आणि अब्राहाम म्हणतो, 'हा मी इथे आहे.' ते म्हणणारा तिथला गायक यंदा कमरेच्या दुखण्याने अंथरुणाला खिळला होता. हार्मच्या कानावर ही वार्ता कुणाच्या तरी मावसभावाकडून आली. त्याने धीर करून ब्रूजला फोन लावला, फोनवरच खर्ज लावून दाखवला, आणि तिथले वृंदप्रमुख वाउटर देस्मेत म्हणाले, "या! दुपारी आहे. मनोऱ्यावरच्या घंटा झाल्या की सुरू."

शब्द चारच. पण त्या चार शब्दांनी हार्मला झपाटलं. तो नगरपालिकेत गाड्या लावायचे परवाने देण्याच्या खिडकीवर बसे. कुणी येऊन विचारलं, "वोल्टिंगसाहेब आहेत का?" की खिडकीमागून असा काही गंभीर आवाज येई, "हा मी इथे आहे!", की लोक परवाना न घेता दोन पावलं मागे सरत.

बेत साधा होता: हार्मने एकट्याने आगगाडीने जायचं, गायचं, परत यायचं. पण साधा बेत साधा राहिला तर संसार कशाला म्हणायचं? बायको रुलिना म्हणाली, "तू गाणार आणि मी इथं भांडी घासत बसू?" लेक मारित म्हणाली, "बाबा, ब्रूज! चॉकलेटं! मी पण!" आणि सासूबाई येंटीन, वय वर्षं शहाऐंशी, चाकांचा वॉकर घेऊन सरळ मोटारीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

खरं सांगायचं तर हार्म धास्तावला तो त्यामुळे. येंटीनबाई म्हणजे गाण्याच्या कानाची बाई. त्यांचे वडील गावच्या चर्चमध्ये स्तोत्रं सांगायला पुढे उभे राहायचे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण जावयाच्या गाण्यावर त्यांच्या तोंडून एक शब्द निघाला नव्हता. हार्मने एकदा विचारलंही होतं. त्या म्हणाल्या होत्या, "तू गात होतास? मला वाटलं खांबच घुमतोय." आता खांब नव्हता. आता नुसता हार्म होता आणि ती ओळ होती.

प्रवासाची बातमी आळीत पसरली आणि सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. शेजारचे झ्वीर्स कुंपणावर कोपर टेकून म्हणाले, "हे बघ हार्म, बेल्जियममध्ये रस्ता विचारू नकोस. ती माणसं अतिशय सभ्य. 'माहीत नाही' म्हणणं त्यांना उद्धटपणाचं वाटतं. म्हणून चुकीचा रस्ता सांगतात, पण इतक्या प्रेमाने, की जावंसंच वाटतं."

समोरच्या टिनीबाई म्हणाल्या, "चीज घरचं न्या. आणि ते चर्चमध्ये धूप घालतात हो! ऐन गाण्यात ठसका लागायचा. ओला रुमाल ठेवा नाकाशी."

"नाकाशी रुमाल धरून गायचं कसं?" रुलिनाने विचारलं.

"तो त्याचा प्रश्न," टिनीबाई म्हणाल्या. सल्ला देणाऱ्याने अंमलबजावणीत पडू नये, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"आणि भाषेचं काय?" झ्वीर्सनी विचारलं.

यावर हार्म मनापासून हसला. "अहो, भाषा एकच आहे! तीच आपली डच. फ्रान्सला थोडाच चाललोय!"

हे वाक्य नीट ध्यानात धरावं. पुराणात राक्षस वर मागताना नेमकी एक फट ठेवतो आणि तिथूनच त्याचा नाश होतो. हार्मची फट ही होती.

चीज, घरचा पाव, थर्मास, ओले रुमाल, वॉकर आणि येंटीनबाईंची पेपरमिंटं असा सरंजाम घेऊन मोटार निघाली. (पेपरमिंटांशिवाय त्या चर्चला जात नसत. प्रवचन किती लांबलं हे त्या घड्याळावर नव्हे, पेपरमिंटावर सांगत. 'तीन पेपरमिंटांचा पाद्री' ही त्यांच्या लेखी शिवी होती.) हार्मची काळी चामड्याची बॅग सगळ्यात वर. तिच्यात काळा सूट, काळे बूट आणि स्वरलिपीचा कागद. मेपलमध्ये बॅगेला 'टास' म्हणतात. ही टास हार्मने वाटेत चार वेळा चाचपली.

पावसाच्या भुरभुरीत सकाळीच ब्रूज आलं. मारित खिडकीबाहेर अर्धी लोंबकळत ओरडत होती, "हंस! बाबा, हंस! आजी, बोट बघ, बोट!" आणि हार्मच्या अंगावर रोमांच उभे राहत होते, कारण कुठल्याही गल्लीच्या टोकाला कुठला ना कुठला मनोरा दिसायचा आणि त्याला वाटायचं, हाच तो! गावाबाहेरच्या चिखलाने भरलेल्या मैदानात त्याने गाडी लावली. तिथे गाड्या लावण्याच्या नियमांचा भला मोठा फलक होता. दुसऱ्याच्या लग्नात गेलेला आचारी जसा भाजी चाखताना भुवया वर करतो, तसा हार्म तो फलक वाचू लागला. वाचता वाचता टास खाली ठेवली.

"रहिवाशांना वेगळा रंग! रुलिना, बघ! आपण हे का करत नाही?"

"कारण आपण सुट्टीवर आहोत," रुलिना त्याला ओढत म्हणाली.

तिने हार्मला ओढलं. टासेला कुणीच ओढलं नाही.

हे लक्षात आलं ते चौकातल्या कॉफीच्या दुकानात. येंटीनबाई वॉकर मुडपून बसल्या, कॉफी आली, संपली, आणि हार्मने सवयीने चाचपायला हात घातला तो हवेत गेला. तो ताडकन उभा राहिला. "माझी टास! माझी टास कुठाय?"

कॉफी देणारी पोरगी लगबगीने आली. "आणते की, साहेब!" आणि खरंच, क्षणात एक वाफाळता कप त्याच्या पुढ्यात आला.

"ही नव्हे हो! माझी टास. काळी, मोठी!"

"काळी, मोठी. बरं." मोठा कप आला. बिनदुधाच्या कॉफीचा.

"अहो बाई, चामड्याची!"

पोरगी आत गेली आणि मालकाला घेऊन आली. मालकाने हात पुसत फार अदबीने विचारलं, "साहेब, आमच्याकडे चिनी मातीच्याच आहेत. चामड्याची गळत नाही का?"

"गळेल कशी? भक्कम शिवण आहे!"

मालकाने हळूच रुलिनाकडे पाहिलं. वेड्याबरोबरच्या शहाण्या माणसाकडे लोक पाहतात तसं. "टास मिळाल्याशिवाय मी इथून हलणार नाही!" हार्मने टेबलावर मूठ आपटली. पोरगीने घाबरून आणखी एक आणून ठेवली.

"हार्म," येंटीनबाई तिसरा कप संपवत म्हणाल्या, "तू ओरडतोस वाईट, पण इथं कॉफी मात्र वेळेवर येते."

आता वाचकांपासून काय लपवायचं? मेपलमध्ये टास म्हणजे बॅग. ब्रूजमध्ये टास म्हणजे कप. भाषा एकच.

मालकाने शेवटी बाहेर येऊन चौकापलीकडची पोलीस चौकी दाखवली; हार्म हरवलेलं सापडावं म्हणून तिकडे गेला, आणि मालकाने दाखवली ती बहुधा वेगळ्याच कारणाने. चौकीत जाड मिशांचा, शांत चेहऱ्याचा एक हवालदार होता. त्याने लेखणी उचलली.

"बोला. काय हरवलं?"

"टास."

"एकच?"

"एकच होती माझी!"

"फुटली असेल."

"फुटेल कशी? नेली असेल कुणीतरी!"

हवालदाराने आपल्या गावाच्या इज्जतीचा विचार करून जरा ताठ होत विचारलं, "वर्णन? कान आहे तिला?"

"दोन आहेत," हार्म म्हणाला. त्याच्या मते धरायचे दोन बंद.

"दोन कान. म्हणजे सूपची." हवालदाराने लिहून घेतलं. "भरलेली होती की रिकामी?"

"भरलेली! गच्च!"

"कशाने?"

"काळा सूट, काळे बूट आणि अब्राहाम."

हवालदाराने लेखणी खाली ठेवली. मिशांवरून हात फिरवला. मग रुलिनाला म्हणाला, "बाई, यांना नेहमीच असा त्रास होतो का?"

"बाबा!" मारित एकदम किंचाळली. "ती काय! त्यांच्या मागे!"

हवालदाराच्या खुर्चीमागे, छत्र्या आणि एका लहान सायकलीच्या शेजारी, हार्मची टास शहाण्यासारखी बसली होती. कुणा भल्या माणसाने मैदानातून उचलून आणून दिली होती.

"हीच! हीच माझी टास!"

"ही?" हवालदार उठून उभा राहिला. "अहो, ही बॅग आहे! मग सरळ बॅग म्हणायचं ना! अर्धा तास कपबशीची तक्रार लिहून घेतोय मी!"

हार्मचा चेहरा पडला. पण त्याला अपमान गिळायलाही उसंत मिळाली नाही, कारण मनोऱ्यावरच्या घंटा वाजू लागल्या आणि त्यांच्याबरोबर त्याचा फोनही.

"हार्मसाहेब! आहात कुठं?" वाउटर देस्मेत कुजबुजत ओरडत होते. "पाद्री झगा घालून उभेत! चर्च गच्च भरलंय!"

"येणार ना," हार्म म्हणाला. "दुपारी येतोच आहे."

"ही दुपारच आहे!"

"दुपार? अहो, आमचं अजून जेवण व्हायचंय."

मेपलच्या माणसाला यात दोष देता येणार नाही. तिकडे रविवारी दोनदा उपासना. एक सकाळची आणि एक दुपारची. दुपारची म्हणजे बटाटे खाऊन, आरामखुर्चीत एक डुलकी काढून मग टोपी घालून जायची. शेकडो वर्षं तिकडे देवानेही त्याआधी कुणाला दुपारी बोलावलेलं नाही.

"बारा वाजतायत!" देस्मेत म्हणाले. "दुपार म्हणजे बाराच! आणखी कधी असते दुपार? आता लोपन, हार्मसाहेब! नुसतं लोपन!"

"अर्थात लोपनच," हार्म म्हणाला. "गाडी तर लांब लावलीय."

मेपलमध्ये लोपन म्हणजे चालणं. म्हणून हार्म चालू लागला. छाती पुढे, टास हातात, पिवळा रेनकोट अंगावर. कारण गायकाने धापा टाकत येऊ नये, श्वास हीच त्याची पुंजी. मागून हवालदार दारात येऊन ओरडला, "लोपन, साहेब, लोपन! उजवीकडे!" हार्मने मागे वळून हात हलवला. "लोपतोय! आभारी आहे!" आणि रुलिनाला म्हणाला, "किती जिव्हाळ्याची माणसं. चालायलासुद्धा प्रोत्साहन देतात."

वाटेत पुन्हा फोन. "लोपताय ना?"

"मनापासून!"

"धाप कशी ऐकू येत नाही?"

"सराव आहे मला," हार्म अभिमानाने म्हणाला.

पुलावर आले तेव्हा समोरून एक एवढीशी मुलगी फुगा धरून सुसाट धावत येत होती. मागून तिची आई ओरडली, "ए, लोपन नको! पडशील!" आणि काय आश्चर्य, मुलगी धावायची थांबली आणि निमूट चालू लागली.

मारित जागीच खिळली. "बाबा... इथं लोपन म्हणजे धावणं!"

हार्मने मुलीकडे पाहिलं. फुग्याकडे पाहिलं. घंटा थांबल्या होत्या. चर्चच्या दिशेने ऑर्गनचे सूर येऊ लागले होते. त्याच्या तोंडचं पाणी पळालं, आणि पाठोपाठ तोही पळाला.

"आई कशी पळणार?" रुलिना ओरडली.

"आईला पळायची गरज नाही," येंटीनबाई म्हणाल्या, आणि वॉकर उघडून त्याच्या बसायच्या फळीवर पर्स मांडीवर घेऊन बसल्या. "ढकला."

ब्रूजच्या त्या दगडी रस्त्यांना किती शतकं झाली असतील ती असोत, पण त्यांच्यावरून असं वाहन गेलं नसेल. पुढे टास आपटत पिवळा हार्म, मागे रुलिना आणि मारित वॉकर ढकलतायत, आणि वॉकरवर उलट तोंडाने बसलेल्या येंटीनबाई भीती वाटू नये म्हणून स्तोत्र म्हणतायत. एकेका दगडावर त्यांच्या सुराला असे काही हेलकावे बसत होते, की तसली गमक घ्यायला बुवा लोकांना दहा वर्षं तालीम लागते. घोडागाडीतल्या प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या. एका घोड्याने वाट दिली.

"जोरात!" येंटीनबाई म्हणाल्या. "दातांची काळजी मी घेते!"

चर्चचं दार जड होतं. हार्मने खांद्याने रेटलं, आणि आत धूप, गर्दी आणि शांतता असं सगळं एकदम अंगावर आलं. सज्ज्याचा जिना पार त्या टोकाला. मधे माणसंच माणसं. बोटभर वाट नाही. आणि समोर, उंच वेदीपाशी, पाद्रीने हात पसरून हाक घातली:

"अब्राहाम!"

उत्तर नाही. सज्ज्यात अब्राहामाच्या जागी रिकामी खुर्ची होती. देस्मेतांनी शेजारच्या गायकाकडे बोट दाखवलं. त्याने गळ्याशी हात नेऊन मान हलवली. ऑर्गनवाला तोच सूर धरून बसला होता. पाद्री अनुभवी होता. देवालासुद्धा कधीकधी दुसऱ्यांदा हाक मारावी लागते, हे त्याला ठाऊक असणारच.

"अब्राहाम!"

दाराशी, ओल्या छत्र्यांच्या घोळक्यात उभ्या हार्मच्या डोळ्यांपुढे सगळं आयुष्य गेलं. खांब गेला, मागची रांग गेली. सूट टासेत, कागद टासेत, पायात चिखलाचे बूट. असा कसा गाणार? आणि इतक्यात मागून, वॉकरवरून, सासूबाईंची कुजबुज आली. पण ती कुजबुज स्तोत्रं सांगणाऱ्याच्या लेकीची होती. शेवटच्या बाकापर्यंत पोचली.

"अरे, तुलाच बोलावतोय ना तो? ओ दे की!"

हार्मने टास खाली ठेवली आणि तोंड उघडलं.

"हा मी..."

आणि श्वास संपला. सगळी पुंजी पुलावरच खर्च झाली होती. चर्चमधली सगळी डोकी गर्रकन वळली. पिवळ्या रेनकोटातला घामाघूम माणूस, छाती भात्यासारखी वरखाली होतेय, हात पसरलेले. ऑर्गनवाला थांबला. पाद्री थांबला. हार्मने पोटाच्या तळापासून, मेपलच्या सगळ्या मागच्या रांगांच्या वतीने, एक लांब श्वास घेतला.

"...इथे आहे!"

तो खर्ज फरशीतून निघाला आणि कमानीत जाऊन बसला. खिडक्यांच्या काचा बारीक किणकिणल्या. पुढच्या बाकावरच्या एका म्हातारीने डोळ्यांना पदर लावावा तसा हातमोजा लावला. डोंगर चढून, धापा टाकत, उशिरा का होईना पण देवापुढे येऊन उभा राहिलेला अब्राहाम तिने आजवर पाहिलाच नव्हता. आधीचा अब्राहाम सूट घालून यायचा.

पाद्रीच्या चेहऱ्यावर हसू पसरलं आणि तो पुढचं असं काही गायला, की प्रवचन कधी संपलं कळलं नाही.

देस्मेत सज्ज्यावरून खाली धावत आले आणि हार्मचे दोन्ही हात धरून म्हणाले, "स्खोन! हार्मसाहेब, स्खोन!"

मेपलमध्ये स्खोन म्हणजे स्वच्छ. हार्मने आपल्या गुडघ्यापर्यंतच्या चिखलाकडे पाहिलं. भाषा एकच आहे हे वाक्य त्याच्या ओठांवर आलं आणि परत गेलं. "माफ करा," त्याने नम्रपणे विचारलं, "तुमच्याकडे याचा अर्थ काय?"

"सुंदर," देस्मेत म्हणाले. "तुमच्याकडे?"

"स्वच्छ."

"सूरही तसाच होता," देस्मेत हसले, आणि त्यांना भेटायला आलेल्या लोकांनी वेढून नेलं.

मग हार्म सासूबाईंकडे वळला. त्या वॉकरवर बसून तोंडातलं पेपरमिंट या गालातून त्या गालात फिरवत होत्या. मारितने श्वास रोखला. रुलिना उगीचच रेनकोटाच्या गुंड्या लावू लागली.

मेपलच्या बाजूला तोंडावर कुणाला चांगलं म्हणायची रीत नाही. पीक घरात मावेना झालं तर 'चालेल' म्हणतात. मुलगा डॉक्टर झाला तर 'बरं झालं, घराबाहेर पडला' म्हणतात. आणि या सगळ्याच्या वर, अगदी कळसावर, एकच वाक्य आहे. ते आयुष्यात एखाद-दुसऱ्यांदा उच्चारलं जातं. येंटीनबाईंनी ते शेवटचं म्हटलं होतं ते मारित जन्मली तेव्हा, तिच्याकडे पहिल्यांदा पाहून.

"हं," त्या म्हणाल्या. "यापेक्षा वाईट होऊ शकलं असतं."

हार्म मटकन जवळच्या बाकावर बसला. त्याचे डोळे भरून आले. रुलिनाने धुपासाठी आणलेला ओला रुमाल त्याच्या हातात दिला, तो त्याने नाकाऐवजी डोळ्यांना लावला.

"सासूबाई," तो म्हणाला, "परत एकदा म्हणता?"

"अजिबात नाही," येंटीनबाई पर्स बंद करत म्हणाल्या. "तुला एकच ओळ होती ना? मलाही एकच आहे."